उपवासाची हंडी

मित्रांनो, मी एक जुनी मातीची हंडी आहे. आहे म्हणते ते सवयीने. खरं सांगायचं तर आता माझं फक्त बूड उरलं आहे, बशीएवढं. बाकीचे तुकडे परसातल्या उकिरड्यावर गेले. पण हंडीला जे काही कळतं ते आधी बुडालाच कळतं, कारण विस्तव त्याच्याच खाली असतो. म्हणून मला सगळं आठवतं, आणि जे आठवतं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझा जन्म तुमच्यापासून फार दूर, समुद्रापलीकडच्या उंच डोंगरातल्या देब्रे बिरहान गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठच्या कुंभारवस्तीत झाला. मला घडवणाऱ्या बाईकडे चाक नव्हतं. मातीचा गोळा पुढ्यात घेऊन ती बोटांनी माझ्या भिंती ओढून ओढून वर काढी. त्या मातीत तिने जुन्या फुटक्या मडक्यांची पूड मिसळली होती, त्यामुळे मी नवी असतानाही पुरती नवी नव्हते. मग गोवऱ्या आणि निलगिरीच्या काटक्या रचून तिने मला भाजलं. गावातले लोक तिच्या हातची भांडी हौसेने नेत, पण तिच्या घरचं पाणी पीत नसत. का, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आता कळूनही पटलेलं नाही.

शनिवारच्या बाजारात असनाकेचबाईंनी मला उचललं. त्या तेव्हा तरुण होत्या, कडेवर त्यांचा मुलगा शिमेलिस होता. त्यांनी मला बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं, आणि मग एक वेगळीच गोष्ट केली. माझ्या तोंडात नाक खुपसून त्यांनी लांब श्वास घेतला.

"शेणाचा वास आहे अजून," त्या म्हणाल्या.

"मग काय गुलाबाचा येणार?" कुंभारीण म्हणाली. "घ्यायचीय की नुसती हुंगायचीय?"

"घेते. पण सांगून ठेवते, हिच्यात कधी लोणी पडायचं नाही. ही माझी उपवासाची."

आमच्या उपवासात मांस, दूध, लोणी, अंडं यांतलं काहीच चालत नाही. बुधवार आणि शुक्रवार तर आहेतच, शिवाय फासिकाच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या सणाआधी तो लांबलचक उपवास येतो. मातीचं भांडं मोठं पिणारं असतं. एकदा लोणी प्यालं की मग राखेने घासा नाहीतर उकळत्या पाण्यात बुडवा, पुढच्या भाजीला त्याचा वास लागतोच. म्हणून घरात हंड्या दोन. दुसरी थोरली होती, मांसाची आणि लोण्याची. सणावाराला तिचा तोरा बघण्यासारखा असे, पण उपवास लागला की तिला पालथी घालून फळीवर ठेवत. मी मात्र चुलीवर. वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस मीच चुलीवर, हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही, पण ते तिला ठाऊक होतं.

घरी आणल्यावर बाईंनी गोमेनाच्या बिया भाजून वाटल्या आणि ते तेलकट वाटण माझ्या आतून चोळून मला मंद आचेवर काळी होईपर्यंत तापवलं. गोमेन म्हणजे आमची रुंद, गडद हिरव्या पानांची भाजी, मोहरीच्या कुळातली. जिच्यासाठी माझं सगळं आयुष्य जायचं होतं, तिच्याच बियांचं तेल माझ्या अंगात पहिल्यांदा मुरलं.

काय सांगू मित्रांनो, असनाकेचबाई गोमेन कसं करत. पानं धुऊन, जाड शिरा काढून, बारीक चिरून आधी उकडून पिळून ठेवत. मग माझ्यात नुसता कांदा टाकत, तेलाचा थेंबही न घालता. तो हळूहळू आपल्याच पाण्यात मऊ होई. त्यानंतर तेल, लसूण, आलं, मग ती पानं, आणि उतरवायच्या जरा आधी उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या. उपवासाला दुपारपर्यंत तोंडात काही घालायचं नसतं, त्यामुळे स्वयंपाक करणारीला चव घेऊन बघता येत नाही. इतर बायका मीठ अंदाजाने घालत. आमच्या बाई माझ्यावर वाकत, वाफेत डोळे मिटून श्वास घेत आणि म्हणत, "चिमूटभर कमी आहे." ते कमीच असे.

चर्चच्या आवारात दर रविवारी आमच्या भाविकांच्या मंडळाचं जेवण असतं. घराघराची पाळी लागलेली असते. ज्यांची पाळी, त्यांनी मंडळींना जेवू घालायचं, आणि दाराशी बसलेल्या गोरगरिबांनाही. आमची पाळी आली की लोक आदल्या आठवड्यापासून विचारत, "गोमेन आहे ना?" मोठमोठी इंजेरा, म्हणजे आंबवलेल्या पिठाची मऊ घावनं, अंथरलेली असत आणि मधोमध माझं गोमेन. माझ्या तळाला लागलेलं पुसून खाण्यासाठी म्हातारे पुरुषदेखील लहान मुलांसारखे भांडत. मला गर्व नव्हता असं म्हणणार नाही. होता आणि भरपूर होता.

शिमेलिस मोठा झाला, घोंगड्यांच्या गिरणीत लागला आणि त्याने अंकोबर गावाकडची मुलगी करून आणली. तिचं नाव ब्रुकताविट. कामाला चटपटीत, बोलायला कमी. सासूसुनेचं पहिलं भांडण माझ्यासमोरच झालं, आणि ते गोमेनाच्या देठांवरून झालं.

"देठं गुरांना घालतात," असनाकेचबाई म्हणाल्या.

"आमच्याकडे कोवळी देठं ठेवतात, आई."

"तुमच्याकडे काय, बांधावरचं गवतही ठेवत असतील. या घरात माणसं जेवतात."

ब्रुकताविटने देठं वेचून बाजूला काढली. पण काढताना एक-दोन मुठी तशाच आत सोडल्या, त्या मला जाणवल्या. त्या दिवशी बाई जेवताना म्हणाल्या, "बघ, देठं काढली की कसं लागतं." ब्रुकताविट खाली मान घालून हसली. तेव्हापासून ती मला आवडू लागली.

गेल्या पावसाळ्यात असनाकेचबाईंना ताप आला. बरेच दिवस त्या अंथरुणावर होत्या. उठल्या तेव्हा हडकल्या होत्या, पण हट्टाने चुलीशी आल्या आणि मला चढवलं. कांदा टाकला. कांदा मऊ झाला, मग तांबूस झाला, मग माझ्या बुडाला धरू लागला. बाई शेजारीच बसून लसूण सोलत होत्या. मी वाट पाहत होते, की आता त्या हलवतील. धूर डोळ्यांत गेला तेव्हा त्या दचकून उठल्या. माझ्यावर वाकल्या, श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग लसणाची पाकळी चिरडून नाकाशी धरली आणि बराच वेळ तशाच बसून राहिल्या.

त्यांचं नाक गेलं होतं, मित्रांनो. ते फक्त त्यांना माहीत होतं आणि मला.

दुसरं कोणी असतं तर सांगून टाकलं असतं. असनाकेचबाईंनी सांगितलं नाही. नाकावर त्यांचं सगळं मोठेपण उभं होतं, आणि ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मिठाची चूक काढली तिला ते सांगणं सोपं नव्हतं. त्यांनी एक युक्ती काढली. स्वयंपाक करताना जो कोणी येईल त्याला त्या विचारू लागल्या, "कसा वास सुटलाय माझ्या गोमेनाला?" येणारा म्हणे, "छान सुटलाय," की उतरवायची वेळ झाली हे त्यांना कळे. "अजून कच्चट आहे," म्हणाला की आणखी ठेवत. लोकांना वाटे म्हातारी बढाया मारते. शेजारीण वुदेने तर सगळ्या गल्लीत त्यांची नक्कल करून दाखवली. ब्रुकताविटलाही तसंच वाटे. ती न बघताच "छान आहे, आई" म्हणे आणि कामाला लागे. कॉफीचे दाणे भाजून वास घ्यायला सगळ्यांपुढे फिरवतात, तेव्हा तवा समोर येण्याआधीच बाई "वा" म्हणत. मला ते पाहवत नसे.

मग फासिकाआधीचा तो लांब उपवास आला आणि त्याच्या शेवटाकडे होसानाचा, म्हणजे झावळ्यांचा, रविवार. त्या दिवशी बायका ताडाच्या पातीच्या अंगठ्या करून बोटांत घालतात. नेमकी त्याच रविवारी मंडळाची पाळी आमच्यावर आली.

आदल्या दिवशी अंकोबरहून ब्रुकताविटच्या आईने माणसाबरोबर एक डबा पाठवला होता. आत फासिकासाठी मसाला घालून कढवलेलं लोणी होतं. डबा होता तेलाचाच, रिकामा झाल्यावर धुऊन ठेवलेला, जसे सगळ्यांच्या घरी असतात. आमच्या गावच्या थंडीत ते लोणी दगडासारखं थिजलं होतं. सकाळी ब्रुकताविटने ते बरणीत काढायचं म्हणून डबा चुलीच्या कडेला ठेवला. जरा पातळ झालं की उचलू, असा तिचा विचार. शेजारीच भिंतीला सासूबाईंसाठी आणलेला तेलाचा नवा डबा होता. मग ती नळावर पाण्याला गेली, आणि सणाचा दिवस असल्यामुळे नळावर रांग होती.

असनाकेचबाई आल्या. त्यांनी मला चढवलं, कांदा टाकला, कानाने चरचर ऐकून तो झाल्याचं ओळखलं. मग हात लांब करून जवळचा डबा घेतला आणि झाकण काढलं. आत पिवळं, पातळ, चकाकतं. स्वयंपाकघरात धूर होता. त्यांनी डबा सवयीने नाकाशी नेला, मान डोलावली आणि ओतलं.

ते माझ्या अंगावर पडलं तेव्हाच मला कळलं. इतक्या वर्षांत जे माझ्यात कधी आलं नव्हतं ते आत शिरत होतं, भिंतीत, बुडात, खोलवर. मी तडतडले. त्यापलीकडे हंडीच्या हातात काय असतं? बाईंनी लसूण टाकला, आलं टाकलं, पिळून ठेवलेली पानं टाकली आणि प्रेमाने हलवत राहिल्या. त्यांच्या बोटात ताडाच्या पातीची अंगठी होती.

चर्चमध्ये त्या दिवशी सगळं मंडळ असणार होतं. म्हातारे, धर्मगुरू, एवढे दिवस कोरडं खाऊन कंबर धरून उभे राहिलेले लोक. ते सगळे माझ्यातलं लोणी खाणार होते, तेही फासिका दाराशी आलेली असताना. पहिल्या घासालाच त्यांना कळलं असतं. मग असनाकेचबाईंचं काय झालं असतं ते मला वुदेच्या तोंडून आधीच ऐकू येत होतं. पुन्हा कोणी त्यांच्या हातचं खाल्लं नसतं. आणि त्या स्वतः? ज्या बाईने नवरा गेला त्या आठवड्यातही उपवास मोडला नाही, तिने स्वतःच्या हाताने सगळ्यांचा मोडला हे कळल्यावर त्या उभ्या राहिल्या असत्या की नाही, मला शंका आहे.

ब्रुकताविट पाण्याची घागर घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली. मसाल्याच्या लोण्याचा वास लपत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मग चुलीजवळच्या उघड्या डब्याकडे. मग भिंतीशी ठेवलेल्या बंद डब्याकडे.

"आलीस? नळ काय अंकोबरला होता?" बाई म्हणाल्या. मग जरा पुढे वाकून त्यांनी नेहमीचं विचारलं, "वास कसा सुटलाय गं?"

ब्रुकताविटचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. पावसाळ्यापासून ऐकलेला तो प्रश्न तिला त्या क्षणी पहिल्यांदा ऐकू आला. करपलेला कांदा, कॉफीच्या तव्यापुढची ती घाईची "वा", सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं असणार. तिने घागर खाली ठेवली.

"आई," ती हळूच म्हणाली, "हे गोमेन नेऊ नका."

"का?"

"जरा आत या, सांगते."

"आत काय? इथे बोल. काय खोट आहे माझ्या गोमेनात?"

तेवढ्यात वुदेने अंगणात पाऊल टाकलं. ती इंजेराची टोपली न्यायला आली होती. "अगं असनाकेच, आवरलं का? लोक निघाले," असं म्हणत ती थेट दाराकडे येऊ लागली.

"ये वुदे, तूही ऐक," बाई म्हणाल्या. "माझी सून मला गोमेन शिकवतेय. बोल गं, मोठ्याने बोल."

ब्रुकताविट पुढे झाली. तिने पदराने हात झाकून मला उचललं. मला वाटलं, बाहेर नेऊन ओतून टाकते की काय. पण मागे दार नव्हतं आणि पुढच्या दारात वुदे होती. ती चुलीच्या दगडापर्यंत आली आणि तिने हात सोडले. निसटलेली हंडी आणि सोडलेली हंडी यांतला फरक हंडीला कळतो. तिचे हात थरथरत नव्हते.

मी दगडावर फुटले. गोमेन राखेत पसरलं. त्याच वेळी तिने पायाने लोण्याचा डबा लवंडला, आणि तिच्या आईने फासिकासाठी पाठवलेलं सगळं लोणी जमिनीवर वाहिलं.

वुदेने नाक वर केलं. "हा कसला वास? लोणी? होसानाच्या दिवशी?"

"माझ्या आईने पाठवलं होतं, मावशी," ब्रुकताविट म्हणाली. "मीच चुलीशी ठेवलं. त्याला पाय लागला, तोल गेला, हातातली हंडीही गेली."

 असनाकेचबाई माझ्या तुकड्यांकडे बघत होत्या. मग त्यांची जीभ सुटली. "उपवासाच्या चुलीशी लोणी आणून ठेवतेस? हात आहेत की लाकडाच्या पळ्या? आता काय वाढू मी लोकांना, तुझं डोकं?"

"शिरोचं पिठलं आहे, आई. मसूर आहे."

"मसूर कोणीही करतं."

वुदेला राहवलं नाही. "असनाकेच, मी म्हटलं नव्हतं? अंकोबरच्या मुली दिसायला बऱ्या असतात, पण भांड्यांना त्यांच्यापासून लांब ठेवावं."

असं माझ्या फुटण्याचं खापर ब्रुकताविटच्या डोक्यावर फुटलं. तिने मान वर केली नाही. झाडू घेऊन ती राख आणि गोमेन गोळा करू लागली. राख टाकताना ती जरा जास्तच टाकत होती, म्हणजे वास दबावा.

दुपारी चर्चमधून आल्यावर बाईंनी शिमेलिसला समोर बसवलं. माझे तुकडे तेव्हा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात सुपात पडून होते.

"फासिका झाली की हिला हिच्या आईकडे पोचव," बाई म्हणाल्या.

"आई, हंडीसाठी बायको सोडून येऊ?"

"हंडी होती का ती? तुला कडेवर घेऊन आणली होती मी. एक दिवस माझा उपवास मोडू दिला नाही तिने. आणि आज सगळ्या मंडळासमोर मी डाळ वाढली. मंडळाचे प्रमुख म्हणतात कसे, असनाकेच, आता हात थकले वाटतं. माझे हात थकले."

"उद्या नवीन आणू."

"तू गप्प बस. नवीन हंडी आण आणि नवीन सूनही आण."

शिमेलिस उठून स्वयंपाकघरात आला. ब्रुकताविट जमीन सारवत होती.

"खरंच निसटली?" त्याने विचारलं.

"हो."

"तू घागर भरून टेकडी चढतेस, थेंब सांडत नाही. हंडी कशी निसटली?"

"निसटली. तुम्ही नका विचारू." ती सारवत राहिली. मग म्हणाली, "आईने ते लोणी किती दिवस साठवलं असेल, त्याचंच वाईट वाटतंय."

तो बाहेर गेला. ती एकटी असताना रडली, ते मी पाहिलं. आपल्याला घरातून काढणार हे तिला ऐकू गेलं होतं. एका वाक्यात ती सुटू शकली असती. ते वाक्य तिने कोणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फार थंडी होती. असनाकेचबाई चूल पेटवायला आल्या. शिरोला तेल हवं म्हणून त्यांनी भिंतीजवळचा डबा ओढला आणि तो त्यांच्या हातातून जवळजवळ सुटला, इतका जड होता. त्यांनी झाकणावरून बोट फिरवलं. झाकण दुकानात दाबलं होतं तसंच घट्ट बसलेलं. त्या तशाच थांबल्या. काल आपण तेल कशातून ओतलं, हे त्या आठवू लागल्या असाव्यात.

मग त्यांनी सुपातून मला उचललं. माझ्या आतल्या अंगाला थोडं गोमेन चिकटून राहिलं होतं. तेल थंडीने थिजत नाही. पण माझ्या बुडावरची हिरवी पानं पांढऱ्या, घट्ट थरात अडकली होती. बाईंनी त्यावरून अंगठा फिरवला. एकदा फिरवला, मग नखाने खरवडून पाहिलं. नाकाशी मात्र नेलं नाही. आता त्यांना नाकाची गरज नव्हती.

त्या चुलीसमोर खाली बसल्या. चूल पेटलेली नव्हती. मला त्यांनी मांडीवर धरलं होतं आणि त्यांचे हात बर्फासारखे गार होते. बाहेर ब्रुकताविट अंगण झाडत होती, तो आवाज त्या ऐकत राहिल्या. मला वाटलं, आता हाक मारतील. त्यांनी नाही मारली. राखेने मला घासून, धुऊन भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलं आणि चूल पेटवली.

त्या आठवड्यात आमच्याकडे कोणी कोणाला भेटून गळामिठी घालत नाही, हात मिळवत नाही. दुःखाचा आठवडा असतो तो. त्यामुळे घरात दोन बायका एकमेकींशी बोलत नाहीत हे कोणाच्या लक्षात आलं नाही. बाई कमी खाऊ लागल्या. शुक्रवारी सगळे चर्चमध्ये दिवसभर दंडवत घालतात. संध्याकाळी शिमेलिस बायकोला म्हणाला, "बाकीचे उठले तरी आई थांबेना. गुडघे सोलवटले, तरी घालतेच आहे. विचारलं तर म्हणाली, माझं मला माहीत." ब्रुकताविटने पाणी गरम केलं आणि सासूबाईंचे गुडघे शेकून दिले. बाईंनी शेकू दिले.  मला कोनाड्यात बसून ते बघणं नको झालं होतं. ब्रुकताविटची कपड्यांची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती.

कोनाड्यातून, उघड्या दारापलीकडे, मला अंगण दिसे. शनिवारी सकाळी लोणी विकणारी बाई तिथे आली. पानांत बांधलेले गोळे तिने टोपलीत ठेवले होते. वुदेही आली, आणखी दोघी-तिघी शेजारणी आल्या. फासिकाचं लोणी हुंगून घेतात. जरा जुनं झालेलं असलं की सगळं कालवण बिघडतं. असनाकेचबाई नेहमी पहिल्यांदा हुंगत आणि त्यांनी "हे चांगलं" म्हटल्याशिवाय बाकीच्या घेत नसत.

विकणारीने एक गोळा त्यांच्या हातात दिला. "घ्या, बघा. कालच घुसळलंय."

सगळ्या वाट बघत होत्या. बाईंनी गोळा उचलला, अर्ध्यावर आणला आणि हात खाली घेतला.

"ब्रुकताविट," त्यांनी हाक मारली. "इकडे ये."

ती पीठ लागलेल्या हातांनी आली. बाईंनी गोळा तिच्या नाकासमोर धरला.

"हुंग आणि सांग. माझं नाक गेलंय."

वुदे हसली. "काय गंमत करतेस असनाकेच."

"गंमत नाही. पावसाळ्यातल्या तापापासून गेलंय. मला काही वास येत नाही, वुदे. म्हणून तुम्हाला विचारत होते कसा सुटलाय, कसा सुटलाय. तू नक्कल करतेस ना माझी? छान करतेस." त्या थांबल्या नाहीत. "आणि होसानाच्या दिवशी गोमेनात लोणी मीच ओतलं. ते मी सगळ्या मंडळाला वाढणार होते. या पोरीने हंडी फोडली, आईचं लोणी मातीत घातलं आणि माझ्या शिव्या खाल्ल्या. आज आठवडा होत आला, अक्षर बोलली नाही. मी सोमवारीच ओळखलं होतं. मीही बोलले नाही."

 वुदेने टोपलीकडे नजर वळवली. मला तिचीही थोडी कीव आली.

ब्रुकताविटचे डोळे भरले होते. तिने गोळा हुंगला आणि ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "हे खवट आहे, आई. दुसरं बघू."

विकणारीने तोंड वाकडं केलं. बाईंनी सुनेच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघी टोपलीतले बाकीचे गोळे बघू लागल्या. घरात आल्यावर बाईंनी दाराशी ठेवलेली ती पिशवी उचलली आणि स्वतःच आत नेऊन ठेवली.

मित्रांनो, सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. बाईंचं नाक परत आलं नाही. वुदेच्या तोंडून गोष्ट गावभर झाली आणि काही लोक अजून त्यांच्या घरी जेवताना घास आधी हुंगतात. बाई ते बघतात आणि दुसरीकडे पाहतात. मंडळाच्या पाळीला आता गोमेन ब्रुकताविट करते, नव्या हंडीत. लोक म्हणतात बरं असतं, पण आधीसारखं नाही. बाई शेजारी बसून कांद्याची चरचर ऐकतात आणि म्हणतात, "आता तेल घाल." त्यांचे कान चांगले आहेत. नवी हंडी अजून अल्लड आहे. तिच्याशी मी बोलायला जात नाही.

मला काय काम? कॉफीच्या वेळी माझ्यावर चुलीतले निखारे ठेवतात आणि त्यांवर धूप टाकतात. इतकी वर्षं विस्तव माझ्या खाली होता, आता तो माझ्या आत असतो. धूप टाकला की असनाकेचबाई विचारतात, "सुटला का गं वास?" ब्रुकताविट आता न बघता "छान" म्हणत नाही. ती हातातलं काम ठेवते, जवळ येते, माझ्यावर वाकते. "अजून नाही, आई," म्हणते. जरा वेळाने पुन्हा वाकते आणि म्हणते, "आता सुटला." मग बाई डोळे मिटून श्वास घेतात.

म्हणून मी तुम्हाला हंडी जपा असं सांगत नाही. माती आहे, फुटायचीच. पण तुमच्या घरात कोणी रांधता रांधता सारखं विचारत असेल, वास कसा सुटलाय, मीठ बरोबर आहे ना, तर बढाई म्हणून हसू नका. हातातलं काम ठेवा, जवळ जाऊन लांब श्वास घ्या आणि जे असेल ते खरं सांगा.